युसूफभाईंचा पाठ

युसूफभाई गेल्याची बातमी मला त्यांनीच मिळवून दिलेल्या, लॅपटॉपवरच्या आवाजाने वाचून दाखवली. सकाळची साडेनऊची वेळ. मी कानात इअरफोन घालून लॅपटॉपवर शाळेचे मेसेज ऐकत बसले होते. आवाज म्हणाला, "शबाना शेख. बाई, अब्बा गेले. सकाळी दुकानातच. जनाजा असरच्या नमाजनंतर." आणि मध्ये श्वाससुद्धा न घेता, त्याला श्वास नसतोच म्हणा, पुढचा मेसेज वाचला, "नववी ब चे तोंडी परीक्षेचे गुण आज चारपर्यंत द्यावेत." दोन्ही एकाच सुरात, एकाच वेगात. मी बटण दाबून मागे गेले. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही ऐकलं, जणू काही तिसऱ्यांदा तो वेगळं काही सांगणार होता... मला त्या आवाजाचा इतका संताप आला की मी लॅपटॉप खाडकन मिटला. मग घाबरून लगेच उघडला. मिटताना त्याला काही झालं असतं तर दुरुस्त करायला आता कोण येणार होतं?

मी परळीतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. काचबिंदूने माझी नजर हळूहळू कडेने खात आणली. आधी शेजारी बसलेलं माणूस दिसेना, मग फळ्याचे कोपरे गेले, मग समोरचं फक्त एका बशीएवढं उरलं. आता उजेड आणि अंधार यातला फरक तेवढा कळतो. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. दयेचा मला मुळातच राग आहे, आणि युसूफभाईंचं नि माझं जमलं ते त्यामुळेच. त्यांनी माझी कधी कीव केली नाही. उलट मला छळलं.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान. आधी रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, मग स्टॅबिलायझर, मग कॉम्प्युटर. शाळा त्यांनी दहावीला सोडलेली. परळीत थर्मल वीज केंद्राची राख हवेत असतेच. ती कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसते म्हणून ते दुकानाचं शटर कायम अर्ध्यावर ठेवायचे. वाकून आत जावं लागे. लोकांना वाटायचं दुकान बंद आहे आणि गिऱ्हाईक परत जायचं, म्हणून त्यांनी शटरवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'दुकान उघडं आहे'. राखेने, पावसाने अक्षरं पुसट झाली की ते पुन्हा गिरवायचे. शटर पूर्ण वर करायचं मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. त्यांची मुलगी शबाना आठवीत माझ्या वर्गात होती. हुशार, पण धड्याखालची उत्तरं शब्दन्‌शब्द पाठ करायची. पालकसभेला मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि घोकंपट्टीवर माझं ठरलेलं भाषण ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, आमी लहानपनी मदरशात समदं पाठच केलं. अर्थाचा पत्ता न्हवता. अर्थ मागून आला, हळूहळू. पन पाठच न्हाई केलं तर तो आल्यावर बसंल कुटं?" मी म्हणाले, तुमच्या मदरशात चालत असेल, माझ्या वर्गात चालणार नाही. ते हसले. शबाना पुढे शिकून नोकरीला लागली. मी मात्र पुढची कित्येक वर्षं वर्गात घोकंपट्टीवर बोलायला लागले की मला त्या माणसाचं हसू आठवायचं आणि भाषण थोडक्यात आटपायचं.

डोळ्यांनी साथ सोडायला सुरुवात केली तेव्हा शबानानेच वडिलांना माझ्याकडे पाठवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर बसवून दिलं. फुकट मिळणारं, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं. मराठी वाचायचं. पत्रं वाचायचं, बातम्या वाचायचं, मुलांनी टाईप करून पाठवलेले निबंध वाचायचं. फक्त एक खोड होती. गुणांचा तक्ता उघडला की पहिली ओळ वाचून ते बंद पडायचं. पहिल्या मुलाचं नाव, त्याचे गुण, आणि पुढे काहीच नाही. वर्गात मुलं त्रेचाळीस. दोन परीक्षांचे गुण मी सहकाऱ्यांकडून भरून घेतले, आणि शाळेत अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार?

एका बुधवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आवाजात भरपूर साखर होती. "बाई, खूप केलंत. आता ग्रंथालय सांभाळा, आराम करा." आमचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखाली दोन कपाटं आणि एक खुर्ची. मी विचारलं, माझं काय चुकलं? ते म्हणाले की चूक नाही, पण संस्थेचे तिघे सोमवारी येणार आहेत, बाईंना वर्गाचं सगळं काम स्वतः करता येतं का ते बघणार आहेत. निबंध वाचणं, गुण भरणं, निकाल लावणं. "जमलं तर उत्तमच," ते म्हणाले. न जमण्याची त्यांना खात्री होती. नोकरी जाणार नव्हती, पगारही जाणार नव्हता. जाणार होता तो वर्ग. सकाळी आत शिरल्यावर बाकं सरकण्याचा जो आवाज होतो तो, आणि माझ्याकडे दुसरं काहीही नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही, बहीण लातूरला. जिन्याखालच्या त्या खुर्चीत मी सहा महिनेसुद्धा टिकले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं. उरल्यासुरल्या नजरेलाही.

मी तशीच युसूफभाईंच्या दुकानात गेले. वाकून आत शिरताना शटर कपाळाला लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्या तक्त्याच्या रोगावर औषध निघालं आहे. कोण्या परक्या देशातल्या माणसाने मूळ कोडमध्ये दुरुस्ती केली आहे, पण तयार पाकिटात ती अजून आलेली नाही. मला काही कळेना. तेव्हा ते म्हणाले, "तुमी पिशवीतलं पीठ आनता ना बाई? त्यात किडा निगाला. ज्याचं पीठ त्यानं किडा काढला, पन नवी पिशवी भरायला त्याला सवड न्हाई. त्यानं ज्वारी अंगनात वतून ठिवलीय. म्हनतोय, ज्याला पायजे त्यानं न्या आन् दळून घ्या. आता आपल्याला फकस्त गिरनी बसवायची हाय." मी विचारलं, सोमवारपर्यंत? "आज बुधवार. लई टाईम हाय. कावून घाबरता?"

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दळण झालं होतं, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जात होता. त्यांनी मला फोनवरच ऐकवला. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून ते पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या घरी आले. जुनं काढलं, नवं घातलं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. लॅपटॉप मुका. तक्ता सोडाच, एक अक्षरसुद्धा वाचेना. "दुकानात तर बोलतंय..." ते दोनदा पुटपुटले. जुनं परत बसवायला गेले तर तेही धरेना. मग माझा तोल गेला. मी म्हणाले, "माझ्याकडे जे अर्धंमुर्धं होतं तेही तुम्ही घालवलंत. दहावी सोडलेल्या माणसाच्या हातात हे द्यायलाच नको होतं." हे वाक्य मी बोलले. आज लिहितानासुद्धा हात थबकतो, पण बोलले ते बोलले. ते वायर गुंडाळून निघून गेले. दार त्यांनी फार हळू लावलं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. दुपारी घरी आले तर कोणीतरी जिन्यात बसलेलं. राखेचा, सोल्डरिंगचा तो वास मी ओळखला. "चूक घावली बाई," ते उठत म्हणाले. "चूक माज्या मशीनीत हाय. ती मशीन लई वर्साची. तिच्या पोटात काय काय जिरलंय, मलाच म्हाईत न्हाई. बँडवाल्यांच्या रेकार्डिंगसाटी कवातरी आवाजाचं कायतरी घातलंतं, आसंच आनखी धा गोष्टी. त्यांच्या जिवावर ते तितं बोलतंय. तुमच्या मशीनीला ते कुटून मिळावं?" मग त्यांनी उपाय सांगितला. माझा लॅपटॉप पूर्ण पुसायचा. कोरा करायचा. आणि त्या कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून सगळं उभं करायचं, एकेक पायरी वहीत लिहून, वहीबाहेरचं काही एक करायचं नाही. "आन् बांधनार तुमी. मी हात लावनार न्हाई."

मी म्हणाले, परवा समिती आहे आणि तुम्हाला मला शिकवायचं सुचतंय? ते म्हणाले, "मी बांधलं तर परत माज्याच हाताला म्हाईत ऱ्हाईल. उद्या मी नसलो तर?" मी म्हणाले, उद्याचं उद्या, तुम्ही कुठे चाललात? त्यावर ते पेन ड्राइव्ह जोडू लागले. मला घाई होती म्हणून मीही पुन्हा विचारलं नाही. सगळ्या प्रश्नपत्रिका, पत्रं, नवऱ्याच्या आवाजातल्या दोन फिती, सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांनी मशीन पुसली. त्यांच्या बोटाखालचा तो एक खट् आवाज, आणि माझी वीस वर्षं त्या मशीनवरून गेली.

वही त्यांनी लिहून काढली होती. साधी दोनशे पानी. इंग्रजी आज्ञा देवनागरीत, अक्षर अक्षर सुटं करून. पण वही मला दिसणार कशी? तेव्हा ते म्हणाले, "पाठ करा." मी! जिने इतकी वर्षं घोकंपट्टीच्या नावाने शंख केला, ती मी शनिवारी दुपारभर कणीक मळत, भाजी चिरत बारा पायऱ्या घोकत होते. कुठली अवजारं आधी बसवायची, ज्वारी कुठून उतरवायची, कुठल्या फोल्डरात शिरायचं, मग तपासणी, मग दळण, मग बसवणी. अर्थ विचारला की ते म्हणत, "अर्थ मागून." चुकलं की पहिल्यापासून. शेवटी बाराच्या बारा न अडखळता म्हणून दाखवल्या तर म्हणाले, "आता तुमी आमच्या मदरशात पास." मला हसू आलं, आणि ते आलं म्हणून रागही आला.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. मी टाईप करायची, ते पडद्यावर उमटलेलं वाचायचे. सातवी पायरी तपासणीची. ज्या ज्या गोष्टी दळायला लागतात त्या मशीनमध्ये आहेत का, हे कॉम्प्युटर स्वतःच बघतो आणि शे-दीडशे ओळी सोडतो. त्या भराभर गेल्या, कुठे अडलं नाही, म्हणून आम्हीही पुढे गेलो. मग दळण. तास उलटून गेला. पंखा असा घुमत होता की मशीन टेबलावरून उडेल असं वाटावं. युसूफभाई मध्येच ब्रशने त्याच्या तोंडावरची राख झटकत होते. साडेअकराला दळण संपलं. एकही चूक नाही. बसवणीही झाली. ते म्हणाले, लिवा कायतरी. मराठीची मास्तरीण मी, आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी तेच म्हणाले, "लिवा, दुकान उघडं आहे." मी लिहिलं. बटण दाबलं.

काहीच नाही. चूक असती तर परवडलं असतं. इथे सगळं बरोबर होतं आणि मशीन मुकी होती. मला वाटलं संपलं. जिन्याखालची खुर्ची डोळ्यांसमोर आली. युसूफभाई मात्र म्हणाले, "पयल्यापासून वाचतो. सातवी पायरी." आणि त्यांनी त्या दीडशे ओळी वाचायला घेतल्या. इंग्रजीचा अर्थ त्यांना फारसा कळत नसे. अक्षरं जुळवून, एका लयीत, थेट मदरशातल्यासारखं. अमुक, यस. तमुक, यस. यस. यस. त्या लयीत मीही गुंगत चालले होते. आणि मुलांची पाठांतरं ऐकून ऐकून घासलेला माझा कान एकदम टवकारला. "थांबा," मी म्हणाले. "आत्ता काय म्हणालात? नो म्हणालात का?" ते मागे गेले. ओळ पुन्हा वाचली. साउंड सपोर्ट, नो. आवाजाची सोय, नाही. आवाज देणारा तो तुकडा मशीनमध्ये नव्हता, म्हणून कॉम्प्युटरने कुठलीही तक्रार न करता बिनआवाजाचं दळण दळून दिलं होतं. बँडवाल्यांच्या नावाने ज्याचा त्यांनी काल उल्लेख केला, तोच तुकडा. सांगितला होता मला, पण वहीत चढवायला विसरले. "दोनदा डोळ्याखालून गेलं माज्या," ते म्हणाले, "आन् डोळं नसनाऱ्या बाईनं धरलं." तुम्हीच सांगा, हे मला लागायला हवं होतं की नाही? मुळीच लागलं नाही. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तो तुकडा त्यांच्या फोनच्या इंटरनेटवरून उतरवायला पाऊण तास गेला. पुन्हा दळण सुरू केलं आणि वीज गेली. साऱ्या महाराष्ट्राला वीज देणारं गाव, आणि रविवारी दुपारी पंखा बंद! लॅपटॉपची बॅटरी जुनी, फार तर वीस मिनिटं. दळण तासाचं. युसूफभाई उठले. "आलोच." दुकानातला इन्व्हर्टर आणि बॅटरी त्यांनी ऑटोत घालून आणली आणि माझ्या पहिल्या मजल्यावर चढवली. ती बॅटरी दोन माणसांनी उचलायची असते. ऑटोवाला भाडं घेऊन निघून गेला होता. मला जिन्यातून आवाज येत होता. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. आत आल्यावर त्यांनी बॅटरी ठेवली आणि भिंतीला टेकले. त्यांचा श्वास मला नीट ऐकू येत होता. शिट्टीसारखा, तुटक, मध्येच अडकणारा. आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "किती वाजले?"

त्यांनी वेळ सांगितली. मग वायरी जोडल्या. लॅपटॉप चार्ज होऊ लागल्याची टिंग ऐकू आली, आणि दळण चालू राहिलं. दळण संपलं, बसवणी झाली, तेव्हा मशिदीतून तिसऱ्या प्रहरची, असरची अजान सुरू झाली. ती संपेपर्यंत त्यांनी मला बटण दाबू दिलं नाही. मग मी दाबलं. माझ्या टेबलावरून एक सपाट, बेसूर, कोरडा आवाज म्हणाला, "दुकान उघडं आहे." मी रडले. ते म्हणाले, "तक्ता उघडा आदी. रडायला उद्या टाईम हाय."

सोमवारची गोष्ट थोडक्यात सांगते. तिघे बसले होते, मुख्याध्यापक उभे. मी तक्ता उघडला. पहिली ओळ वाचली गेली. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीमधला तो अर्धा सेकंद मी जन्मात विसरणार नाही. दुसरी ओळ आली. तिसरी. नवव्या ओळीला त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "बास बास, बाई, कळलं." मी म्हणाले, "नाही. पूर्ण ऐका." त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नावं मी त्यांना गुणांसकट ऐकवली. वर्ग माझ्याकडे राहिला. शाळेतून तडक दुकानात गेले, वाकून आत शिरले, सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "बेस झालं. आता पाठ म्हना. तेरा पायऱ्या." आवाजाचा तुकडा त्यांनी वहीत पहिल्याच पायरीत चढवला होता; तेरावी पायरी नवी, 'दुकान उघडं आहे' लिहून ऐकायची.

पुढे वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला त्यांचा फोन. "म्हना बाई." मी कधी चिडायचे, कधी भाजी करपायची, एकदा पाहुणे बसलेले असताना मी स्वयंपाकघरात जाऊन तेरा पायऱ्या कुजबुजल्या. त्यांच्या छातीवर उपचार चालू होते, हे मला त्या वर्षात एकदाही कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही हे खरं. मी विचारलं नाही हे जास्त खरं.

जनाज्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी बायकांत बसले होते. शबाना माझा हात धरून होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी माझा लॅपटॉप एका सकाळी सुरूच झाला नाही. खाडकन मिटला होता त्याचा हा परिणाम की त्याचं वय, कोण जाणे. नवीन घेतला. त्यावर तयार पाकिटातला आवाज होता, पण ती दुरुस्ती त्यात अजूनही नव्हती. तक्ता उघडला, पहिली ओळ, आणि बंद. सहामाहीचे गुण चार दिवसांवर. मुख्याध्यापकांच्या आवाजात पुन्हा साखर आली होती. पुन्हा तेच सगळं, आणि या वेळी जिन्यात कोणी बसलेलं नव्हतं.

मी शबानाला फोन केला. ती रविवारी वही घेऊन आली. मी म्हणाले, तू वाचू नकोस. मी म्हणते, तू फक्त वहीशी ताडून बघ. आठवीतल्या मुलीची तोंडी परीक्षा घ्यावी तशी ती माझी घेत होती. एकेक आज्ञा मी म्हणायची, टाईप करायची, ती "बरोबर, बाई" म्हणायची. पाकिटातला आवाज पडद्यावरच्या ओळी वाचत होता. सहा पायऱ्या झाल्या. सातवी म्हणायला मी तोंड उघडलं, तर शबाना म्हणाली, "बाई, इथं आज्ञेच्या खाली अब्बांनी लाल पेनानं आणखी काहीतरी लिहिलंय." मला वाटलं, राहिलेली एखादी पायरी. वाच, म्हणाले. तिने वाचलं, "इथं कुणी वाचायचं न्हाई. इथं बाईनी ऐकायचं."

माझी बोटं कळांवर तशीच राहिली. माझ्या कानावर या माणसाने एवढा भरवसा टाकला होता, लाल शाईने लिहून ठेवला होता. आणि त्याच कानाने मी त्या रविवारी त्यांचा श्वास ऐकला होता आणि घड्याळ विचारलं होतं... मी हे शबानाला सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. ती म्हणाली, "अब्बा घरी येऊन म्हणाले होते, बाईनी आज माझी चूक धरली. लई खूश होते." एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही.

मी सातवी आज्ञा टाईप केली. आवाज ओळी वाचू लागला, यस, यस, यस. मी डोळे मिटून घेतले, सवयीने, आणि ऐकत राहिले. दीडशे ओळींत एकही नो आला नाही. मग दळण झालं, बसवणी झाली. तेरावी पायरी वहीत बघायची गरज नव्हती. शबानाने सांगितलं होतं की घरमालकाने दुकान मागितलंय, सामान हलवून झालं, शटर आता पूर्ण खाली आहे. खडूची अक्षरं मात्र तिने पुसू दिलेली नाहीत. मी वाक्य टाईप केलं, बटण दाबलं. ज्या सुरात त्यांच्या जाण्याची बातमी मिळाली होती, त्याच सपाट, कोरड्या सुरात आवाज म्हणाला,

"दुकान उघडं आहे."

शबाना म्हणाली, "बाई, परत एकदा लावा."